तिकडची झाडं

आमच्या दाजींबद्दल गावात कोणी चांगला शब्द काढल्याचं मला आठवत नाही आणि मीही काढणार नाही. माणूस गेल्यावर सगळेच गोड बोलतात. दाजी अजून गेलेले नाहीत, रोज सकाळी माझ्याशी भांडायला ठणठणीत उठतात, त्यामुळे गोड बोलायची वेळ आलेली नाही. मी सांगतेय ते झऱ्यावरच्या उताराचं. तो उतार सोडला तर या माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. घर बायकोचं, आडनाव सासऱ्याचं, देव्हाऱ्यात पूर्वज मांडलेले तेसुद्धा आमचे.

दाजींचं नाव तेइजी शिबुए. शिबुए हे माझं माहेर. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. थोरल्या फुमीताईला घरजावई आणायचा आणि घर पुढं चालवायचं, हे वडिलांनी आम्ही शाळेत असतानाच ठरवलं होतं. मी धाकटी, म्हणून मला चार घरं खाली इगाराशींच्यात देऊन ते मोकळे झाले. मी रित्सु इगाराशी झाले आणि कोणीतरी परका माणूस येऊन शिबुए झाला. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं.

दाजी आले ते लाकूडतोड्यांच्या टोळीबरोबर. आमच्या डोंगरावर बीचची झाडं होती, आम्ही त्यांना बुना म्हणतो. बुनाचं लाकूड वाकतं, कुजतं, काही कामाचं नाही, ते तोडा आणि सरळसोट वाढणारे सीडर लावा असा तेव्हा सरकारी हुकूम होता. गावानं हसत हसत सह्या केल्या आणि लाकडाच्या पैशांतून घरोघरी रंगीत टीव्ही आले. करवत चालवायला तिकडची माणसं आणली होती. तिकडची म्हणजे डोंगररांगेच्या पलीकडची, पॅसिफिकच्या बाजूची. त्यातला एक धिप्पाड, अबोल पोरगा वडिलांना आवडला. बोलत नाही म्हणजे स्वभावानं गरीब असणार, असं त्यांना वाटलं. तो बोलत नव्हता, कारण त्याला आमच्यातलं कोणी आवडलं नव्हतं.

तिकडं बर्फ फारसा पडत नाही, त्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात त्यानं गावाला आयुष्यभर पुरेल एवढं हसू दिलं. छपरावरचा बर्फ वरून खाली ओढत आणायचा, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. यानं खालच्या कडेपासून सुरुवात केली. छपरावरचा अख्खा बर्फ घसरला आणि त्याच्यासकट अंगणात आला. बायाबापड्यांनी फावड्यांनी उकरून बाहेर काढला तेव्हा माझा धाकटा दीर शोहेइ ओरडला, "ताजा माल आहे, जपून काढा! परत मिळायचा नाही!" तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच, 'तिकडचा'.

तोही काही कमी नव्हता. शरद ऋतूत नदीकाठी मोठं पातेलं चढवून आम्ही अळकुड्या आणि मांसाचा रस्सा करतो. सगळा गाव जमतो. दाजी दरवर्षी पातेल्यात डोकावायचे आणि विचारायचे, "यात मासा कुठंय?" दरवर्षी हेच. मग एक घोटही न घेता घरी जायचे. फुमीताई मान खाली घालून वाढत राहायची. ज्या पातेल्याला सगळा गाव हात लावतो त्याला नाक मुरडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?

ज्यासाठी त्यांना आणलं ते मूलही झालं नाही. त्यावरून गाव काय काय बोललं ते मी इथं लिहीत नाही. मीही बोलले.

सीडर वाढले आणि आमचा झरा आटत चालला. मग एका पावसाळ्यात वरचा उतार चिखल होऊन गावात उतरला. तेव्हा गावाला आठवलं की बुनाची मुळं पाणी धरून ठेवतात. सह्या कोणी केल्या ते मात्र कोणाला आठवेना. "झाडं तोडली कोणी? तिकडच्यानं!" एवढंच सगळ्यांच्या तोंडी.

शेवटी झऱ्यावरचे सीडर काढून तिथं पुन्हा बुना लावायचं ठरलं. डोंगराची कामं पूर्वापार शिबुएंच्या घराकडे, त्यामुळे रोपं करायचं काम दाजींच्या गळ्यात पडलं. आता बुनाची तऱ्हा अशी, की तो मनात येईल तेव्हा फळतो. पाच-पाच, सात-सात वर्षं झाडाखाली एक बी सापडत नाही. देवळामागे आमची देवराई आहे. देवाची झाडं म्हणून तेवढीच करवतीतून वाचली होती. त्या वर्षी देवराईत काही फळलं नव्हतं. सरकारी मदत तर मार्चच्या आत वापरायची होती. आणि दाजींनी कुठूनशी दोन पोती बी आणलं. गाव खूश. त्याच सुमारास तिकडं त्यांची आई वारली होती, ते अंत्यविधीला जाऊन आले होते. मी दुखवट्याचं म्हणून उदबत्तीचं पाकीट दिलं होतं, तेवढं आठवतं.

मुळ्याच्या वाफ्यात रोपं झाली, उतारावर लागली. त्यापुढं तीस वर्षं हा माणूस त्या उतारावरच राहिला म्हटलं तरी चालेल. बर्फ वितळला की वाकलेल्या प्रत्येक झाडाला दोरी बांधायची, ओढून सरळ करायचं, खुंटीला बांधायचं. आमच्या बुनाला असं कधी करावं लागत नाही. तो बर्फाखाली गवतासारखा लोळतो आणि वसंतात आपला आपण उठतो. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तरी याच्याच झाडांना दोरी का लागते, असं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही फक्त हसत होतो. शोहेइ म्हणायचा, "मूल नाही, म्हणून झाडांना दुपटं बांधतोय." फुमीताई गेली त्या वर्षीसुद्धा तिचे दिवस झाल्या झाल्या दाजी दोऱ्या घेऊन वर गेले. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "ताईला एवढं कधी सावरलं नाहीत."

मग गेल्या काही हिवाळ्यांत झाडं मोडायला लागली. दोरीनं सावरण्याइतकी ती लहान राहिली नव्हती. ओल्या बर्फाच्या ओझ्यानं बुंधे फाटायचे, फांद्या येऊन झऱ्याच्या तोंडात अडकायच्या. शोहेइ आता गावाचा प्रमुख झाला आहे, त्यानं विद्यापीठाला कळवलं. हाताकेदा नावाच्या मॅडम आल्या. त्यांनी देवराईतली आणि उतारावरची पानं तोडून छोट्या पिशव्यांत भरली आणि गेल्या. परत आल्या त्या नकाशा घेऊन.

सभागृह गच्च भरलं होतं. मॅडमनी पडद्यावर नकाशा दाखवला. डोंगररांगेच्या आमच्या बाजूला निळे ठिपके, पलीकडे लाल. आमच्या गावात देवळाभोवती निळे होते, आणि झऱ्यावर गोवर उठल्यासारखा लाल पुंजका.

"पानाला हिरवा रंग देणारे जे कण असतात, ती हरितलवकं," मॅडम सांगू लागल्या. "त्यांच्यात जनुकांचा स्वतःचा एक छोटा धागा असतो. बुनामध्ये तो फक्त आईकडून येतो. पराग वाऱ्यावर लांब लांब उडतो, पण हा धागा परागातून जात नाही. बी जड असतं, झाडाखालीच पडतं. म्हणून धागा हजारो वर्षं त्याच डोंगरावर राहतो. आम्ही चीन, कोरिया, तैवानचे बुनासुद्धा जुळवून पाहतो. कधी कधी दोन वेगळ्या जातींचे बुना शेजारी वाढलेले असले तर त्यांचे धागे जवळचे निघतात, आणि जात एक पण डोंगराच्या दोन बाजूंना असले तर लांबचे."

"म्हणजे शेजार महत्त्वाचा," माझ्यामागून एक म्हातारी म्हणाली. "मग आमच्या शेजारी पन्नास वर्षं राहून हा का नाही सुधारला?"

सगळे हसले. मॅडमना कळलं नाही, त्याही भिडेनं हसल्या. शोहेइ उभा राहिला. "तेइजीभाऊ, बी कुठून आणलंत?"

"तिकडून," दाजी बसल्या जागेवरून म्हणाले.

"मग गावाला सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कोणी?"

"हे सांगायला विचारावं लागतं? आपल्या पाण्यावर परकी झाडं लावलीत तुम्ही!"

तेव्हा दाजी उठले. "पन्नास वर्षं तुम्ही मला तिकडचा म्हणताय. तिकडं म्हणजे कुठं, हे एकानं तरी विचारलं? एकानं?"

मी मनात शोधलं. मी त्यांच्या लग्नात वाढपी होते, त्यांच्या आईसाठी उदबत्ती दिली होती, आणि मला त्यांच्या गावाचं नाव येत नव्हतं. याचा मला भयंकर राग आला. स्वतःचा नाही, त्यांचा. भर सभेत आपल्याच घरच्या माणसांचं नाक कापायचं म्हणजे काय!

मॅडमनी पुढचं सांगितलं. ही झाडं आता मोठी झाली, यंदा पहिल्यांदा मोहरली आहेत, त्यांचा पराग देवराईत जाईल आणि इथला बुना बिघडत जाईल. गाव बिथरलं. यंदाचा बर्फ पडायच्या आत उतार साफ करायचा, असं शोहेइनं मांडलं. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. देवराई आमची आहे आणि झऱ्याचं पाणी मलाही लागतं. आज विचाराल तरी मी हात वर करीन.

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या देव्हाऱ्यापुढं भात ठेवायला गेले. हे मी रोज करते, दाजी कच्चा भात ठेवतात म्हणून. तेवढ्यात मॅडम आल्या. त्या दारातच गुडघ्यांवर बसल्या.

"शिबुएसान, तुमच्या झाडांचा धागा जुन्या नमुन्यांशी जुळला. सगळ्या किनाऱ्यावर तो एकाच टेकडीवर मिळाला होता. नमुने सुनामीच्या आधीचे आहेत. ती टेकडी..."

"माहीत आहे," दाजी म्हणाले.

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी सांगितलं ते असं, की लाटेनं टेकडीखालचं दाजींचं गाव नेलं होतं. मग गावाची जमीन उंच करायला भराव हवा होता, म्हणून मागची टेकडी कापली. ती आता तिथं नाही. त्या धाग्याचे बुना जगात आमच्या उतारावर तेवढे उरलेत.

"टीव्हीवर दाखवत होते," दाजी म्हणाले. "माती वाहायला एवढ्या लांबीचा सरकता पट्टा लावला होता. त्यावरून टेकडी जाताना बघितली."

मी ताडकन म्हटलं, "मग बोलायला काय झालं होतं? चार घरं खाली तर राहते मी!"

"बोलून काय झालं असतं? उदबत्तीचं पाकीट पाठवलं असतंस."

मी भाताची वाटी आपटली आणि घरी आले.

मॅडम मात्र चिवट निघाल्या. त्यांनी उतारावरच्या फांद्या कलम करायला नेल्या, त्यातली एकही जगली नाही. मग तिकडच्या किनाऱ्यावरच्या समितीला त्यांनी कळवलं. तिथं कापलेल्या टेकडीच्या उरल्या कडांवर पुन्हा जंगल लावायचं घाटत होतं. समितीनं उत्तर दिलं की बी पाठवा. मोहर धरला होता, उतारावरची झाडं पहिल्यांदाच फळणार होती. दाजींनी हे ऐकलं आणि जाळी धुवायला काढली.

मदतीला मला बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेले, कारण या माणसाला वाकता येत नाही आणि तो कुठं पडला तर उचलायला मलाच जावं लागणार. झाडांखाली जाळ्या बांधल्या. त्रिकोणी, तपकिरी बिया टपटपायला लागल्या. त्या पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या पोकळ, बुडतील त्या ठेवायच्या.

"ही तरंगतेय, टाका."

"बुडेल. थांब जरा."

"दाजी, ती पोकळ आहे!"

"तुझ्यासारखीच उशिरा बुडते. थांब म्हटलं ना."

शेवटी ती बुडली नाहीच. पण दाजींचा चेहरा त्या दिवसांत वेगळा दिसायचा. ते घाईत असायचे, गाडी सुटेल की काय अशा घाईत. पोतं भरलं, त्यांनी स्वतः शिवलं आणि टपालाच्या गाडीत चढवेपर्यंत हात सोडला नाही.

ते पोतं परत आलं. टपालानं नाही, समितीचे ओइकावा नावाचे गृहस्थ मोटारीनं घेऊन आले. हे तिकडचे लोक नकार द्यायलासुद्धा भेटवस्तू घेऊन येतात. वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा पुडा पुढं ठेवून ते चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकले. मी चहा दिला. प्यावासा वाटणार नाही इतका कडू केला होता.

"मॅडमनी बियांची तपासणी केली," ओइकावा म्हणाले. "आईचा धागा आपल्याच टेकडीचा आहे, त्यात शंका नाही. पण धाग्यावरून फक्त आई कळते. बापाचं वेगळं तपासावं लागतं. बहुतेक बियांचा बाप... म्हणजे पराग... तुमच्या इथल्या देवराईतला निघाला. आमचा नियम आहे, शिबुएसान. टेकडीवर निखळ तिथलंच लावायचं. उद्या यातून भलतंच जंगल उभं राहिलं तर—"

"इथले म्हणतात, आई तिकडची म्हणून तोडा," दाजी म्हणाले. "तुम्ही म्हणताय, बाप इकडचा म्हणून नको."

"नियमच आहे. मला फार वाईट वाटतंय."

"तुमचं घर टेकडीच्या कुठल्या अंगाला होतं?"

ओइकावा गडबडले. "मी... मी मूळचा सेंदाइ शहरातला. या समितीवर नेमणूक झालीय."

दाजी हसले. मी त्यांना पन्नास वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. "ऐकलंस, रित्सु? सेंदाइचा!" मग त्यांनी शेवाळाचा पुडा उचलून देव्हाऱ्यात ताईपुढं ठेवला आणि पाहुण्याला दार दाखवलं. मी मोटार वळेपर्यंत अंगणात उभी राहिले आणि मनात येईल ते त्या माणसाला ऐकवलं. नियम म्हणे! शहरात बसून दुसऱ्याच्या टेकडीचे नियम करणार! काच वर होती, त्याला ऐकू गेलं की नाही ते माहीत नाही.

घरात येऊन म्हटलं, "मॅडमना ठेवायला द्या थोडं बी."

"डबीत घालून काय करणार त्या? धागा उतरवून घेतलाय ना, तो ठेवा म्हणावं."

बर्फ अगदी दाराशी आला तेव्हा उतार साफ करायचा दिवस उजाडला. गावातले हातीपायी धड असलेले सगळे वर आले होते. खाली मोकळ्या जागेत अळकुड्यांच्या रश्श्याचं पातेलं चढवलं होतं. दाजी आपला छोटा टेम्पो घेऊन आले. मागं पोतं, शेगडी आणि लोखंडी तवा. शोहेइ पुढं झाला.

"तेइजीभाऊ, आज तुम्ही घरी थांबला असतात तर बरं झालं असतं."

"का? झाडं तोडायला इथं मीच आलो होतो. तुम्हाला कुठं येतात तोडता?"

आणि खरंच येत नव्हती. पहिलंच झाड भलतीकडे फिरलं आणि दोघं जण पळाले. त्यानंतर दाजी उतारावर एका खुंटावर बसून ओरडत राहिले. काप खाली घे, गाढवा. पाचर मार. मागं कोण उभं आहे ते बघ. एकेक झाड पडत गेलं तसा त्यांचा आवाज चढत गेला, आणि मग त्यातले शब्द आम्हाला कळेनासे झाले. आमची बोली सुटून ते त्यांच्या बोलीत शिव्या देत होते. पन्नास वर्षांत ती आम्ही ऐकलीच नव्हती. शोहेइनं मला हळूच विचारलं, "वहिनी, काय म्हणतायत?" मी म्हटलं, "तुझ्या बापाचा उद्धार करतायत, काम कर."

मी वर जाऊन त्यांना पाणी दिलं. हा माणूस मला आवडत नाही, तरीही दिलं.

शेवटचं झाड पडलं तेव्हा सगळे पातेल्याभोवती आले. दाजींनी शेजारी शेगडी पेटवली, पोतं उसवलं आणि बिया तव्यावर ओतल्या. साली तडकू लागल्या, तुपात भाजल्यासारखा वास सुटला. मग ते एकेकापुढं जाऊन मुठीमुठीनं बिया हातावर ठेवू लागले.

"घे. खा."

"तेइजीभाऊ, हे..." शोहेइ अडखळला.

"खा म्हटलं ना. लावायला चालत नाहीत, खायला चालतात."

एकेकानं नखानं साल काढून तोंडात टाकली. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. दाजी तवा भरत होते, वाटत होते. त्यांनी स्वतः किती खाल्ल्या ते मी पाहिलं नाही. पोतं हलकं हलकं होत शेवटी त्यांनी झटकलं आणि घडी घालून काखेत धरलं. मी माझ्या भांड्यातला रस्सा त्यांच्यापुढं केला. ते त्यात डोकावले. मासा कुठंय, असं विचारलं नाही. एक घोट घेतला आणि भांडं परत दिलं.

"दाजी," मी म्हटलं, "त्या टेकडीचं नाव काय होतं?"

"नाव कसलं? टेकडीच म्हणायचो."

मी हातातली शेवटची बी सोलून खाल्ली. गोड होती. अजून हवी म्हणून मी हात पुढं केला.

"संपल्या," दाजी म्हणाले.